नवजात बाळ कायद्याने सोपवायचे असेल तर: सोबत जाणाऱ्यांसाठी

बाळ वाढवणे जमणार नाही हे ठरवते आई, पण ते पहिल्यांदा ऐकणारे माणूस बहुधा दुसरेच असते. वॉर्डातली सिस्टर, गावातली आशाताई, वसतिगृहाच्या बाई, खोलीतली मैत्रीण, नाहीतर एखादी आत्या. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आईला त्या वेळी कायदा वाचून दाखवणारे कोणी नको असते. पुढे काय होणार हे नीट सांगणारे आणि सोबत येणारे कोणी हवे असते.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का बसवा. बाळ टाकणे वेगळे आणि सोपवणे वेगळे. बारा वर्षांखालचे मूल कायमचे सोडून देण्याच्या हेतूने आईवडिलांनी कुठेतरी ठेवून जाणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेच मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी कायदेशीर समिती) नेऊन सोपवणे हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, कलम ३५ खाली, दिलेला मार्ग आहे. कागदावर याला ‘समर्पण’ म्हणतात, बोलताना सगळे ‘सरेंडर’च म्हणतात. कायद्यातली कारणे मोघम वाटतात, पण मुद्दाम रुंद ठेवलेली आहेत: आईवडिलांच्या आवाक्याबाहेरची शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक परिस्थिती. अविवाहित असणे, अत्याचारातून राहिलेले गरोदरपण, गंभीर आजार, घरचा आधार तुटणे, सगळे यात बसते.

‘पोलीस पकडतील का?’ हा प्रश्न दर वेळी येतो. उत्तर बाल न्याय कायद्याच्याच कलम ३८ मध्ये आहे. सोडलेल्या किंवा सोपवलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आईवडिलांवर एफआयआर नोंदवायची नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी ते लागू आहे. कलम ७५ मुलांवरच्या क्रूरतेबद्दल आहे. तेही सांगते की परिस्थितीच्या रेट्यामुळे जन्मदात्यांनी मूल सोडले असेल तर ते जाणूनबुजून केले असे धरायचे नाही. हे दोन आकडे, ३८ आणि ७५, एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा. चौकीत किंवा रुग्णालयात कोणी आवाज चढवला तर उपयोगी पडतात.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून काहींचा समज होतो की अग्निशमन केंद्रात बाळ ठेवले की झाले. टेक्सासमध्ये १९९९ मध्ये असा कायदा झाला आणि पुढे तिथल्या सगळ्या राज्यांनी तो आपापल्या मुदती ठरवून स्वीकारला. कॅलिफोर्नियात ७२ तास, टेक्सासमध्ये ६० दिवस. तिथे नाव न सांगता बाळ देता येते. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडचे सरेंडर गोपनीय असते, निनावी नसते. समितीला आईचे नाव कळते, बाहेर कोणाला कळू द्यायचे नसते. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी हा फरक न कळल्याने होतात.

बाळंतपणाआधी कळले असेल तर

वेळ हाताशी आहे, तो वापरा. सरकारी रुग्णालयात नाव घाला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण मोफत असते, त्यामुळे ‘बिल आम्ही भरतो, बाळ आम्हाला द्या’ म्हणणाऱ्याची गरजच उरत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. पहिली गाठ त्यांची घ्या, कारण बाल कल्याण समितीला फोन करणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. घरी राहणे शक्य नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवरून सखी वन स्टॉप सेंटर किंवा शक्ती सदनची चौकशी करा. पूर्वीचे स्वाधारगृह ते हेच.

रुग्णालयात आईचे खरे नाव आणि खरे वय लिहा. इथे लोक सर्वाधिक चुकतात. बाळ घेऊ पाहणाऱ्या बाईच्या नावावर आईला दाखल करायचे, म्हणजे जन्मदाखला थेट त्या बाईच्या नावाने निघतो, ही युक्ती कोणीतरी सुचवतेच. ती बनावट नोंद आहे आणि पुढे सगळेच तिच्यात अडकतात, ते मूलसुद्धा.

पैशाचीच अडचण असेल तर सरेंडरच्या आधी हे विचारा: बाळ आईकडेच राहू शकेल का? राज्याच्या बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,०००. या रकमांत मूल वाढत नाही हे खरे, पण एखाद्या घरात निर्णय फिरायला तेवढ्यानेही पुरते. समितीही समुपदेशनात हेच विचारणार आहे. तो आईला परतवून लावायचा डाव नाही. तसे विचारणे समितीवर बंधनकारक आहे.

बाळंतपण घरातच, एकटीने झाले असेल तर

समिती, कायदा, सगळे नंतर. आधी १०८. रुग्णवाहिका येईपर्यंत बाळ कोरड्या कापडाने पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून दोघांना पांघरूण घाला, बाळाचे डोके झाका. आंघोळ घालू नका. नाळ ओढू नका आणि घरातल्या ब्लेडने किंवा विळीने कापू नका. तशीच जोडलेली राहिली तरी चालते, कापणे दवाखान्यात होईल. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर आईचा जीव धोक्यात आहे. ‘कोणाला कळेल’ म्हणून दवाखाना टाळल्याने दगावलेल्या बायका कमी नाहीत.

पाळणा

काही दत्तक संस्थांच्या दाराशी आणि रुग्णालयांत पाळणा ठेवलेला असतो. तामिळनाडूत १९९२ मध्ये अशी सरकारी योजना निघाली आणि आता इतर राज्यांतही पाळणे आहेत. नाव सांगण्याचे बळच नसेल तर उकिरड्यापेक्षा पाळणा हजारपट बरा, यात वाद नाही. पण त्याची किंमत माहीत असावी. पाळण्यात सापडलेले बाळ कायद्याने ‘सोडून दिलेले’ ठरते. मग पालकांचा शोध सुरू होतो आणि बाळाचा फोटो व तपशील वर्तमानपत्रात छापला जातो. सोपवलेल्या बाळाची अशी जाहिरात द्यायचीच नाही, असा नियम आहे. म्हणजे नाव लपवायला पाळणा निवडला तर फोटो पेपरात येतो, आणि समितीपुढे नाव सांगितले तर येत नाही. शिवाय पाळण्यात ठेवलेले बाळ परत हवे असेल तर आपणच आई आहोत हे सिद्ध करावे लागते.

समितीसमोर

बाल कल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. बैठक बहुतेक ठिकाणी बालगृहाच्या किंवा निरीक्षणगृहाच्या आवारात होते. महिन्यातून किमान वीस दिवस बसणे कायद्याने बंधनकारक आहे, पण बैठक नसलेल्या दिवशीही बाळ एका सदस्यापुढे हजर करता येते. ‘सोमवारी या’ हे उत्तर त्यामुळे मान्य करू नका. पत्ता कळत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातला जिल्हा बाल संरक्षण कक्ष. बाळ ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या समितीकडे जायचे. माहेर कुठले, सासर कुठले हा मुद्दा नाही.

बाळाचे वजन कमी आहे किंवा ते काचेच्या पेटीत आहे, तर त्याला उचलून नेऊ नका. रुग्णालयाने २४ तासांत लेखी अहवाल आणि फोटो समितीला पाठवायचा आणि बाळ बरे झाल्यावर प्रमाणपत्रासह हजर करायचे.

सोबत न्यायचे कागद: आईचे ओळखपत्र, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींचे कार्ड, जन्मनोंदणीची पावती असेल तर ती, पतीचे निधन झाले असेल तर मृत्यूचा दाखला. ओळखपत्र हाताशी नाही म्हणून थांबू नका, ते समितीला सांगा. आणखी एक कागद कोणी मागत नाही, पण तो द्यावाच: आईचा रक्तगट, गरोदरपणातल्या तपासण्यांचे निकाल, घराण्यातले आजार. मधुमेह, थॅलेसेमिया, ऐकू न येणे, जे माहीत असेल ते. दत्तक गेलेल्या मुलाला डॉक्टर आयुष्यभर ‘घरात कोणाला आहे का?’ विचारत राहतात. त्याचे उत्तर देण्याची संधी एवढीच.

तिथे काय होते ते आता क्रमाने. आई नमुना २३ मध्ये अर्ज देते. लिहिता येत नसेल तर समितीने विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून अर्ज लिहून द्यायचा असतो. तो मोफत असतो. मग समुपदेशन आणि चौकशी. यात ‘बाप कोण?’ असा प्रश्न येतो आणि बायका तिथेच गोठतात. अविवाहित आईच्या बाबतीत सरेंडर एकटी आई करू शकते, बापाची सही लागत नाही, हे तिला दाराबाहेरच सांगून ठेवा. तिचे समर्पणपत्र (सरेंडरचा कागद) शक्यतो एकट्या महिला सदस्यापुढे व्हावे अशी सोय नियमांत आहे. ती आपोआप मिळेलच असे नाही, म्हणून मागा.

समितीची खात्री पटली की नमुना २४ मधले समर्पणपत्र, म्हणजे सरेंडर डीड, होते. सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या. आईला मराठी येत नसेल तर तिच्या भाषेत कोणीतरी समजावून सांगितल्याशिवाय सही होऊ देऊ नका. त्यात लिहिलेले असते की कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी पैसे दिले नाहीत, बाळ भारतात किंवा परदेशात दत्तक जाऊ शकते, आणि ६० दिवसांत निर्णय मागे घेता येईल, नंतर नाही. शेवटी एक पर्याय असतो: मूल मोठे होऊन मूळ शोधत आले तर माझे नाव-पत्ता त्याला सांगावा, किंवा सांगू नये. घाईत इथे कशावरही खूण होते. आईला दोन मिनिटे द्या, आणि तिच्याऐवजी तुम्ही ठरवू नका.

सहीनंतर समर्पणपत्राची प्रत आईला मिळायलाच हवी. न मागता बऱ्याचदा मिळत नाही.

सही कोणाची?

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

जोडपे विवाहित असेल तर दोघांची सही लागते. एकाचे निधन झाले असेल तर मृत्यूचा दाखला. एकजण बेपत्ता असेल आणि दुसऱ्याने बाळ आणले, तर ते सरेंडर धरले जात नाही. बाळ ‘सोडून दिलेले’ मानून त्या मार्गाने, म्हणजे शोध आणि जाहिरात करून, पुढे जावे लागते. आजी, मामा, शेजारीण बाळ घेऊन एकटेच आले तरी तसेच. कोर्टाने पालक नेमलेली व्यक्ती सोडली तर इतर कोणी सरेंडर करू शकत नाही. ‘ती लाजते, आम्हीच नेऊन देतो’ असे घरचे म्हणतात तेव्हा त्यांना हे सांगा. आई आली नाही तर तिला लपवायला निघालेले लोकच बाळाचा फोटो पेपरात जाईल अशी व्यवस्था करत असतात.

आई अल्पवयीन असेल तर सरेंडर तीच करते आणि सोबतच्या प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही होते. पण इथे दुसरी गोष्ट आपोआप सुरू होते. अठराखालच्या मुलीचे गरोदरपण पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखाली पोलिसांना कळवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, मग तो मुलगा तिच्या पसंतीचा असो वा नसो. ही तक्रार मुलीविरुद्ध नसते, एवढे तिला आणि तिच्या आईला आधीच सांगा. तपासासाठी बाळाचा डीएनए नमुना लागू शकतो. तो बाळ समितीच्या ताब्यात असतानाच घेतला जावा, असा आग्रह धरा. मूल नव्या घरी रुळल्यावर त्याचे रक्त मागायला कोणी येणे बरे नाही.

साठ दिवस

दोन महिने पुनर्विचाराचे. दिवस मोजायचे ते समर्पणपत्राच्या तारखेपासून, जन्मतारखेपासून नाही. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण याच एका मुद्द्यावर उशीर माफ होत नाही. या काळात बाळ सहसा विशेष दत्तक संस्थेत राहते. समितीने ठरवले तर देखरेखीखाली आईजवळही राहू शकते. मन बदलले तर समितीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संस्थेला फोन करून सांगितले म्हणजे झाले असे नाही. समिती चौकशी करून निर्णय देते.

साठ दिवस उलटले की संस्था प्रकरण समितीपुढे नेते आणि किमान तीन सदस्यांच्या सहीने बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर होते. तिथून पुढे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची ऑनलाइन यादी, प्रतीक्षेतले पालक आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. बाळ कोणाकडे गेले हे आईला सांगितले जात नाही, आणि आईने दत्तक पालक निवडायचे नसतात. ‘ओळखीतल्या चांगल्या घरी द्या’ ही विनंती या मार्गात बसत नाही.

मध्यस्थ

ती विनंती नेमकी तिथे नेते जिथे जायला नको. प्रसूतिगृहातली आया, लॅबवाला, कधी खुद्द डॉक्टर: ‘एक जोडपे आहे, खूप सज्जन, दहा वर्षे मूल नाही.’ मग औषधांचा खर्च म्हणून पाकीट आणि मुद्रांकाच्या कागदावर नोटरीची सही. मूल विकणे-घेणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. बाळ ताब्यात असलेल्या रुग्णालयातल्या माणसाने केला तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. पाकीट घेतलेली आईसुद्धा आरोपी होऊ शकते. कलम ३८ चे संरक्षण विक्रीला नाही. हिंदू दत्तक कायद्यात थेट दत्तक देण्याची सोय अजून आहे हे खरे, पण तिथेही पैसे घेणे-देणे गुन्हाच आहे, आणि नुसता नोटरीचा कागद म्हणजे दत्तक नव्हे. समितीच्या मार्गात आईला एक रुपया द्यावा लागत नाही आणि मिळतही नाही. कुठल्याही टप्प्यावर पैशाचा विषय निघाला तर रस्ता चुकला आहे.

रुग्णालय किंवा नर्सिंग होम चालवणाऱ्यांसाठी: सोडून दिलेल्या बाळाची माहिती २४ तासांत न देणे हाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. आणि बाळाचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बाळाची ओळख माध्यमांत उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

महाराष्ट्राला हे सगळे नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये. तिथेही गुप्तपणे बाळंत व्हायचे आणि मूल न्यायचे की ठेवायचे हे आईने ठरवायचे, अशी रीत होती. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत तिथेच जन्मलेला.

आईचे शरीर

बाळ सोपवून झाल्यावर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि आई विसरली जाते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरते, छाती दगडासारखी होते. घट्ट फडके बांधू नका, त्याने गाठी होतात. नीट बसणारी ब्रा, थंड पट्ट्या, आणि ताण कमी होईल एवढेच दूध हाताने काढायचे. पूर्ण रिकामे केले तर आणखी येते. दूध थांबवायच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. ताप आला, छातीवर लाल चट्टा उठला, अंगावरून घाण वास येणारे जाऊ लागले, किंवा तासाला एक पॅड भिजू लागले तर लगेच दवाखाना. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन झाले का, हे डिस्चार्ज कार्डवर पाहा. समितीच्या धावपळीत ते राहून जाते आणि पुढच्या बाळंतपणात भोवते. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, जेवण नाही, मरणाचे विचार येतात असे दिसले तर टेलिमानस ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

राहता राहिली समर्पणपत्राची प्रत. घरच्यांच्या हाती पडण्याची भीती असेल तर ती घरी नेऊ नका आणि मोबाइलमध्ये फोटोही ठेवू नका, फोन सगळे पाहतात. विधी सेवेच्या वकिलाकडे ठेवता येईल का विचारा (हेल्पलाइन १५१००), नाहीतर विश्वासाच्या एकाच माणसाकडे बंद पाकिटात द्या. पाकिटावर आईचे नाव नको. साठाव्या दिवसाची तारीख तेवढी लिहा.